जेवायचा हात

लता, फॉर्म नंतर भर. बस जरा. उद्या माझी किडनी काढताना तू टेबलापाशी उभी असशील, तेव्हा हे तुला ठाऊक हवं.

एक्याऐंशी साली मी तुझ्यासारखाच शिकाऊ होतो, मुलुंडच्या एका इस्पितळात. दुपारी सरांनी मला नऊ नंबरच्या खाटेकडे पाठवलं. काम साधंच होतं, कुठली किडनी काढायची ते विचारून फॉर्म भरायचा. पेशंट धोंडिराम, मालवणकडचे म्हातारे गिरणी कामगार.

"कुठल्या बाजूला दुखतंय, बाबा?"

"जेवच्या हाताकडे, डाक्टरानू."

जेवायचा हात म्हणजे उजवा, शेंबडं पोरही सांगेल! मी 'उजवी' लिहून टाकलं. एक्स-रेची फिल्म मीच टांगली, तीही उलटी. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी धोंडिरामांच्या बायकोनं आमटीभात आणला. ते डाव्या हातानं जेवत होते...

लघवीची पिशवी कोरडी का, ते मला तेव्हा कळलं. आम्ही चांगली किडनी काढली होती. डायलिसिससाठी शहरभर फोन फिरवले, रडलो, लोकांच्या पाया पडलो. जागा मिळाली तोवर ते गेले होते. डाव्या हातावर आमटी तशीच वाळली होती.

महिन्याभरानं शेवंतीबाईंची किडनी काढायची होती. त्यांना भूल दिलेली. कुशीवर वळवायला म्हणून सिस्टर एमिलियानं चादर सारली आणि ती थबकली. थिएटरभर आमटीचा वास सुटला होता.

"डॉक्टर, ही रात्रीपासून उपाशी आहे ना? मग... हे काय?"

डाव्या कुशीवर पाच बोटांचे पिवळे ठसे होते. माझ्या कागदावर 'उजवी' होतं. मी धावत जाऊन फिल्म पाहिली. खराब किडनी डावीच होती. समोर उभं राहून बाईंनी जागा दाखवली, आणि मी मूर्खासारखी माझी उजवी बाजू लिहिली होती.

बाई वाचल्या. तेव्हापासून मी पेशंटला स्वतःचा हात दुखऱ्या जागेवर ठेवायला लावतो, तिथं शाईची खूण करतो, फिल्म दोनदा बघतो. तूही तसंच कर. नुसतं तोंडी विचारू नकोस, गं.

माझी? डावी. फिल्म मी तीनदा पाहिली, शाईची खूणही डावीकडेच आहे.

त्यानंतर आठ वर्षांत धोंडिराम पुन्हा कधी आले नव्हते. आज जेवून डोळा लागला, उठलो तर हा वास... तुलाही येतोय ना?

हा बघ, सदरा वर केला. नीट बघ. ठसे उजव्या कुशीवर आहेत. साबणानं घासघासून कातडी सोलली, तरी जात नाहीत. ते मला वाचवायला आलेत की ते गेले तसं मारायला, मला कळत नाही. मला फार भीती वाटतेय, लता.

सांग ना... उद्या कुठल्या बाजूला कापणार तुम्ही?