मंगळवारची रात्र

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं, आणि संध्याकाळी त्या धुक्यातच बारीक पाऊस लागला. असा पाऊस, की छत्री उघडावी तर लोक हसतील, न उघडावी तर माणूस हाडापर्यंत भिजेल. जरा सरकून बसा रे, आणि ते दार लोटून घ्या. ही गोष्ट माझ्या मावसभावाच्या मुलाची. परमुलखात शिकायला गेला होता. पोरगा खोटं बोलणारा नाही, आणि रचून सांगायला मी काही शिकलेला नाही.

सगळे त्याला पुस्तक्या म्हणत. खोली परवडेना, म्हणून त्यानं अर्धी खाट घेतली होती. अर्धी म्हणजे रात्रीची. दिवसाची अर्धी दुसऱ्या एका विद्यार्थ्याची. तो संध्याकाळी वर्गाला बसे, रात्रभर पावाच्या कारखान्यात राबे आणि सकाळी आठला येऊन झोपे. तोवर हा सातलाच बाहेर पडलेला. दोघांची बोली एक, खाट एक, उशी एक. पण वर्ष होत आलं तरी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही!

किल्लीही एकच, दाराबाहेरच्या खिळ्याला. खिळा रिकामा आणि दारात सपाता, म्हणजे आत माणूस झोपलाय. उठवायचं नाही. हा त्यांचा नियम.

बोलणं चाले उशीखालच्या चिठ्ठ्यांवर. पाववाला लिही, "तुझ्या तेलाचा वास येतो उशीला. घर आठवतं." हा लिही, "तुझा ताज्या पावाचा येतो. भूक लागते." एकदा पाववाल्यानं लिहिलं, "आपला संसार बरा चाललाय गड्या. भांडण नाही, तंटा नाही!"

त्याची शेवटची चिठ्ठी अशी: "येत्या मंगळवारी सुट्टी मिळतेय. ती एक रात्र खाट मला दे. वर्षभर रात्रीची झोप नाही रे."

पुस्तक्यानं खाली एकच शब्द लिहिला. "दिली."

मग तो वर्गाबरोबर चार दिवस धरण बघायला परगावी गेला. तिथं कळलं, परीक्षा अलीकडे आलीय. बुधवारी सकाळी आठला. हा पेपर आधी एकदा हुकलेला. पुन्हा हुकला तर राहण्याचा परवाना संपला, गाठोडं बांधून घरी. आणि परीक्षेचं कार्ड राहिलं होतं खोलीत, टेबलाच्या खणात.

मंगळवारी रात्री अकरा वीसला तो शेवटच्या बसनं उतरला. तीन जिने चढला. मनात एवढंच, की कार्ड दप्तरात टाकायचं आणि अंग टाकायचं.

खिळा रिकामा होता.

दारात सपाता होत्या.

तेव्हा त्याला चिठ्ठी आठवली. कपाळावर हात मारून घेतला त्यानं. दिलेला शब्द! फोन केव्हाच बंद पडलेला, त्याची वायर आतच. जायचं तरी कुठं? चिंब बूट काढून तो पायरीवर बसला. पाय गारठून लाकूड झाले. बारा वाजले. एक वाजला. शेवटी म्हणाला, तो काय नाही म्हणणारेय, आणि त्या सपाता पायांत घातल्या.

उबदार होत्या. आत्ताच कुणी काढल्यासारख्या.

इतका वेळ आपण इथंच बसलोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही; उलट बरं वाटलं. म्हणजे गडी जागा असेल. तो दाराशी वाकला.

"दादा, झोपमोड करतोय. खाट तुझीच. फक्त खणातलं कार्ड तेवढं दे. सकाळी परीक्षा आहे."

काही नाही.

"दादा?"

दाराच्या फटीतून ताज्या पावाचा वास आला. मग आवाज. हळू. फार थकलेला.

"दिलीस ना... रात्र?"

"दिली की. कार्ड तेवढं..."

खाट करकरली नाही. पाऊल वाजलं नाही. खण ओढल्याचा आवाज नाही. पण दाराखालून कार्ड बाहेर आलं. सावकाश. अर्धं आलं आणि थांबलं. पुस्तक्यानं धरलं. पलीकडून सुटेना.

त्यानं ओढलं.

सुटेना.

"दादा... सोड ना..."

सुटलं. आणि दाराला अगदी लागून, याच्याच कानाच्या उंचीवर, कुणीतरी मोठा श्वास सोडला. झोपी जाताना सोडतात तसा.

त्यानंतर काही नाही. पुस्तक्या भिंतीला पाठ लावून बसला. दाराकडे बघेना, जिन्याकडेही बघेना. तीन वाजले. चार. कार्ड छातीशी. दातांचा आवाज होऊ नये म्हणून बाही चावत होता.

सहाला समोरचं दार उघडलं. तिथं शिवणकाम करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई राहत. त्यांच्या गळ्यातल्या दोरीला खोलीची किल्ली होती.

"अरे देवा! तू कधी आलास? तुझा नंबर नव्हता रे कुणाकडे. इथं का बसलास?"

"आत तो झोपलाय, मावशी."

बाई पुढे झाल्या. किल्ली काढली, दार उघडलं. आत खाटेचा नुसता लोखंडी सांगाडा. गादी नाही. उशी नाही. खिडकी बंद.

"शुक्रवारी गेला तो," बाई म्हणाल्या. "भट्टीपाशी जरा टेकला, तो उठलाच नाही. सोमवारी घरी पाठवला."

पोरानं परीक्षा दिली, पासही झाला. आधीच सांगतो, नाहीतर तुमचा जीव तिकडंच अडकायचा. पण त्या क्षणी तो उभा राहिला, आणि बाईंची नजर खाली गेली. त्याच्या पायांवर. त्या वाकल्या. डाव्या सपातेच्या पट्ट्यावरच्या लाल दोऱ्याला बोट लावलं, आणि चटका बसावा तसं मागं घेतलं.

"बाळा... हा टाका माझा आहे. अनवाणी कसा पाठवू, म्हणून पेटी बंद करताना या सपाता मी स्वतः त्याच्या पायांत घातल्या होत्या."