निभाननींच्या खोलीतला वास

"दादा, एकदा नाव गेलं की हातात ब्रश कोण देणार?" निरापद रंगारी डिटेक्टिव्ह तलापात्रांसमोर मटकन बसला.

बेहाला भागातल्या निभाननी सेनगुप्तांना दमा. टोरांटोतल्या तपूने, त्यांच्या मुलाने, उग्र वाफा न सोडणारा, पाण्यात कालवायचा रंग मुद्दाम निवडून दिला. निरापदने तोच लावला, ब्रशही नळाखाली धुतले. तरी वास येतो म्हणून बाईंनी त्याला चार वेळा बोलावलं. आता तपू म्हणत होता, डब्यात भेसळ केलीस, सगळ्या मोहल्ल्याला सांगेन.

तलापात्रांचा मदतनीस भवेश याला रंगारी लबाडच वाटला. दुकानदार मात्र डबे सीलबंद दिल्याची शपथ घेत होता, आणि उरलेल्या रंगाला धड वासही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निभाननींच्या खोलीत टर्पेंटाइनचा भपकारा! भवेशला शिंका सुटल्या. तलापात्रांनी भिंतीला नाक लावलं, मग पडद्याला. बाई चहा देत बोलतच होत्या: नवरा गेल्यापासून निरामिष, मासासुद्धा वर्ज्य, घरात एकटीच, वास अर्ध्या तासापूर्वी सुटला, लगेच निरापदला फोन केला. तलापात्र पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. कढईत रोहू माशाचं कालवण होतं, पार गार झालेलं.

तेवढ्यात निरापद आला. तलापात्रांनी सगळ्यांना बसवलं.

"मावशी, वास भिंतीला नाही, पडद्याला आहे. या रंगात टर्पेंटाइन पडतच नाही. प्रत्येक रंगाला तोच वास असतो असं तेलरंग बघितलेल्या जुन्या माणसालाच वाटेल. आणि तुम्ही मासा खात नाही, तरी कढईत कालवण आहे, तेही पार गार. निरापद जेवायला येणार हे वास सुटायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं."

निभाननींनी मान खाली घातली.

"पहिल्यांदा मला खरंच वास आल्यासारखं वाटलं होतं. त्या आठवड्यात तपूने रोज फोन केला. निरापदही दोन घास खाऊन जायचा."

"अहो, पण दम लागत नव्हता?" भवेशला राहवलं नाही.

"लागायचा. दम लागला की तपू जास्त वेळ बोलायचा."

भवेशला स्वतःची लाज वाटली. निरापद हळूच म्हणाला, "राहू दे दादा, मी सोसेन." पण बाईंनी फोन उचललाच होता.

"तपू, निरापदचा दोष नाही. पडद्यावर टर्पेंटाइन माझ्याच हातून सांडलं. रंग चांगला आहे रे... नाही, आता वास येणार नाही. मी बरी आहे."

काळजी मिटली, असं तपू म्हणाला. त्याला कामाची घाई होती. फोन दीड मिनिटात संपला.