बंद कुरणात तूदाचं खेचर

लिफ्ट बंद पडली आणि चक्क लिफ्टवाला खेचरांपाशी आला! तूदाला खरंच वाटेना.

जानेवारीतला रविवार. उतारावर मराकेशहून आलेल्यांची ही झुंबड उडालेली. वारा इतका पिसाळला होता की लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या जागच्या जागी झोके घेत होत्या, आणि खाली स्की खांद्यावर टाकून उभी असलेली माणसं ‘आम्ही वर जायचं कसं?’ म्हणून ओरडत होती. तूदा मजेत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तेवढ्यात तो समोर येऊन उभा राहिला. धापा टाकत. नाक लालबुंद, पापण्यांवर बर्फाची भुकटी.

“खेचरं... मिळतील?”

“कोणाला हवीत?”

“मला. म्हणजे... लिफ्टला.”

“लिफ्टला खेचर हवंय?” तूदाची बी ओठांतच राहिली. “जरा जोरात बोल की! ते बघ, माझे बाबा उभे आहेत. त्यांच्याही कानांचं भलं होऊ दे.”

“जोरात बोललो तर माझी नोकरी जाईल.”

“बरं, हळू बोल. पण ‘कृपा करून’ म्हण.”

“कृपा... करून.”

आणि तो हसला. त्या मेल्या थंडीत असं कोणी हसतं का? तूदाच्या मुठीतल्या सगळ्या बिया बर्फात सांडल्या, आणि तिला कळलंसुद्धा नाही!

त्याचं नाव इद्दर. राहणार खालच्या गावचा, आणि इथेच तर सगळी गोम होती. लिफ्ट आली तेव्हा नोकऱ्या खालच्या गावाला मिळाल्या आणि आमच्या वरच्या गावाची खेचरं उन्हात माश्या हाकत बसली. तेव्हापासून दोन्ही गावं रस्त्यात भेटली तर सलाम करतात, पण एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीत. तूदाचे बाबा मोहंद तर गावचे मुखिया. ‘खालच्या गावचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही,’ असं त्यांनी भर चौकात सांगितलेलं.

बर्फ गेला. माणसं मात्र यायची थांबली नाहीत. वसंतात पक्षी बघणारे आले, मग कडे चढणारे, मग तंबू ठोकून तारे मोजणारे. तूदाच्या खेचरांना जरा बरे दिवस आले. मार्चमध्येच नेहमीसारखं मोठं कुरण बंद झालं होतं. ऑगस्टपर्यंत त्यात कोणाच्याही जनावराचं खूर पडायचं नाही. कुरण दोन्ही गावांचं, राखणदार मात्र पाळीपाळीने. यंदा पाळी खालच्या गावाची, आणि राखणदार कोण? तर उन्हाळ्यात लिफ्टवर काम नसलेला इद्दर!

मग काय... तंबूवाल्यांचं सामान पोचवून परत येताना तूदाला नेमकी कुरणाच्या कडेचीच वाट बरी वाटू लागली. तो दगडी बांधाच्या आत, ती बाहेर.

“ए, तुझ्या खेचराची जीभ आवर. बांधाच्या आत आली बघ.”

“जीभ आली तर गुन्हा होतो?”

“खूर आलं तर होतो.”

“आणि... नजर?”

इद्दर पटकन वाकून बूट बांधू लागला. बुटाला नाडीच नव्हती.

असा उन्हाळा चालला होता. गवत कमरेएवढं वाढलं, निळी-पिवळी फुलं आली, आणि कुरण उघडायला जेमतेम आठवडा उरला असताना इद्दर बांधावर बसून म्हणाला, “कुरण उघडलं की मी जातोय.”

“कुठे? बाजारात?”

“आखातात. तिथे एका मॉलमध्ये स्कीची घसरगुंडी केलीय. लिफ्टवर माणूस हवाय त्यांना.”

तूदा बघतच राहिली. “वाळवंटात... बर्फ?”

“छताखाली. बटण दाबलं की पडतो.”

“बटण दाबलं की?” तिला हसावं की रडावं कळेना. “आणि इथला? फुकट पडणारा? तो काय वाईट आहे?”

“इथे...” इद्दरने गवताची काडी तोडली, मग राखणदारानेच गवत तोडलं म्हणून ओशाळला. “आई म्हणते, तूदाच्या बाबांच्या दारात गेलो तर आपल्याला चहासुद्धा विचारणार नाहीत. ते तर आपल्याकडे मेले तरी येणार नाहीत. मग इथे राहून काय करू, तूदा? रोज बांधाच्या आतून... तुला बघत बसू?”

तूदा काही बोलायच्या आत तो उठून ताडताड निघूनही गेला. असं सांगतात का? असं अर्धं सांगून जातात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी इद्दर बांधावर आला आणि जागीच थिजला.

कुरणाच्या अगदी मधोमध तूदाचं खेचर उभं होतं. तोंडात फुलांसकट गवताचा हा एवढा पुंजका! आणि शेजारी खडकावर तूदा, पाय हलवत.

“तूदा! वेड लागलं का? काढ ते बाहेर! कोणी बघितलं तर—”

“तू बघितलंस ना? झालं. पकड मला.”

“मी काही बघितलं नाही.”

“राखणदार असून खोटं बोलतोस?”

“अगं, मुखियाची मुलगी तू! तुझ्या बाबांची काय शोभा होईल? दंड म्हणून त्यांना शिजवलेलं जेवण घेऊन राखणदाराच्या घरी जावं लागेल. माझ्या घरी! माझ्या वडिलांबरोबर एका ताटात जेवून—”

तो थांबला. तोंड उघडंच.

“एका ताटात...” तो पुटपुटला.

“पोचलास एकदाचा,” तूदा म्हणाली. तोऱ्यात म्हणाली, आणि खडकावरून उतरून तिने खेचराचा लगाम धरला.

इद्दरने वर्दी दिली आणि गावात तर भूकंपच झाला! ‘मोहंदची तूदा? बंद कुरणात?’ झऱ्यावर बायकांच्या बादल्या भरून वाहिल्या. बाबा संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पाठ करून खेचरांची खोगिरं शिवत बसले. ते ओरडले असते तर बरं, असं तूदाला वाटलं. हा नियम त्यांच्या आजोबांच्याही आधीचा. तो मुखियानेच मोडायचा कसा?

शुक्रवारी ते खाली उतरले. चूक ज्याची, जेवण त्यानेच वाहून न्यायचं. म्हणून मेंढीच्या मांसाचं ताजीन, ते झाकणाचं जडशीळ मातीचं भांडं, डोक्यावर घेऊन तूदा मागे. खालच्या गावात दारादारांत माणसं, पण चिडीचूप. इद्दरच्या वडिलांनी, बाहा त्यांचं नाव, दार उघडलं. दोन म्हातारे एका ताटाला बसले. इद्दर त्यांच्याशेजारी, नजर चटईवर. तूदा आणि इद्दरची आई दाराशी.

नुसता रोट मोडल्याचा आवाज.

मग बाबांनी मान वर केली. “तूदा, एक सांग. खेचर सुटलं... की सोडलंस?”

‘सुटलं’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. बाबांची इज्जत राहिली असती. तिला ते स्वच्छ दिसत होतं.

“सोडलं, बाबा.”

बाहांचा घास हातातच राहिला.

“का?”

“हा जाणार होता... म्हणून.”

इद्दरची आई मटकन खालीच बसली! आणि इद्दर... इद्दर उठून उभा राहिला. “काका, तुमच्या दारात मीच यायला हवं होतं. मला धीर झाला नाही. तिला झाला. मला... मला तूदाशी लग्न करायचंय. जे बोलायचंय ते मला बोला, तिला नको.”

बाबांनी मांसावरच्या भाज्या बाजूला केल्या. आमच्याकडे मांस मधोमध असतं, सगळ्यांत शेवटी खातात, आणि बसलेल्यांतला मोठा ते वाटतो. बाबांनी एक तुकडा बाहांपुढे ठेवला, एक स्वतःपुढे. उरला तो सगळ्यांत मोठा, हाडासकटचा. तूदाचे डोळे त्या बोटांवर खिळले. बाबांनी तो उचलला... आणि ताटातून अलगद सरकवत इद्दरच्या रिकाम्या जागेपुढे नेऊन ठेवला.

“बस खाली,” ते म्हणाले. “जावयाने उभ्याने खाऊ नये.”

तूदाने दाराची चौकट घट्ट धरली. रागावतील, घराबाहेर काढतील, वर्षभर अबोला धरतील... सगळ्याची तयारी तिने केली होती. फक्त ह्याची केली नव्हती!