तहानेच्या गडावरचं आमंत्रण

मुतलक खलबत्ता खांद्यावर टाकून गडावर चढला, तो लेकीच्या वऱ्हाडाला बोलावणं धाडायला. वाळवंटात कॉफी कुटल्याचा ठेका ज्याच्या कानी पडेल तो पाहुणा. वेगळं आमंत्रण लागत नाही. वऱ्हाड पलीकडच्या खोऱ्यातून यायचं होतं, आणि बुरुजावरून आवाज थेट तिथवर जातो. त्याने मनापासून कुटलं. टक्-टका-टक्!

खाली तंबूत परतला, तर चुलीपाशी एक म्हातारा आधीच बसलेला. पापण्यांवर धूळ. अंगाला ओल्या दगडाचा वास, आणि पाऊस तर तीन वर्षांत नव्हता.

"या, या! कुठून आलात?"

म्हाताऱ्याने गडाकडे बोट केलं. "बोलावलंस... आलो."

मुतलकने पेला भरून दिला. तो रिकामा होऊन परत आला. पुन्हा भरला, पुन्हा रिकामा. पुरे झालं की पाहुणा पेला हलवतो. हा काही हलवेना.

थोरली बहीण नौफ कानाशी आली. "शहाण्या, गडावर बसून कुटलंस? जुन्या वेढ्यात गडावरचं पाण्याचं टाकं आटलं, तेव्हा आतले शिपाई हातात पेले धरून मेले. त्यांना कान नाहीत वाटतं?"

"हळू बोल... वऱ्हाडाची धूळ दिसतेय गं! किटली तळाला गेली, तर व्याही काय म्हणतील? लेकीच्या लग्नात कॉफी संपली!"

"मग काय, हाकलतोस? 'माझ्या चुलीवरून कुणी तहानलेला उठला नाही' म्हणून गावभर मिरवतोस ना? ओत आता!"

मुतलकने डोळे मिटले आणि ओतली. मग पुन्हा ओतली. वऱ्हाड आलं, उंट बसले, व्याही गळ्यात पडले. प्रत्येकाच्या हाती पेला गेला, तरी किटली हाताला जडच लागत होती. वेलचीचा घमघमाट सुटला. बायकांनी गाणी धरली. नवरदेवाचा आजासुद्धा काठी टाकून नाचायला उठला!

सूर्य टेकला तेव्हा म्हाताऱ्याने पेला हळूच हलवला. हसला. "आता पाळी आमची," म्हणाला, आणि उजेडाबरोबर गडाची वाट चढून गेला.

मुतलकने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात वरून आवाज आला.

टक्-टका-टक्... टक्-टका-टक्...

त्याने चाचपून पाहिलं. खलबत्ता त्याच्या मांडीपाशीच होता.

"मुतलक..." नौफने त्याचा हात घट्ट धरला. "म्हण, ऐकू आलं नाही."

तो तसं म्हणालाही असता. पण अख्खं वऱ्हाड त्याच ठेक्यावर नाचत होतं.