नवी फुप्फुसं मिळेपर्यंत

आभाळात औषधालाही ढग नव्हता, आणि हॉस्पिटलातून निघालेला एक उंच माणूस भलीमोठी काळी छत्री उघडून रस्ता ओलांडत होता. समोरच्या चष्म्याच्या दुकानात बसलेल्या तिला हसू आवरेना. तो नेमका तिच्याच दुकानात शिरला आणि खुर्चीवर टेकून दम खात राहिला.

"पाऊस फार आहे का हो बाहेर?" तिने साळसूदपणे विचारलं.

"गोळ्या चालू आहेत... त्यामुळे ऊन... सोसत नाही. गॉगल दाखवा. चेहरा झाकेल... असा."

"झाकण्याइतका काही वाईट नाहीये," ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची फुप्फुसं हळूहळू घट्ट होत चालली होती. गोळ्यांनी आजार बरा होणार नव्हता, त्याची चाल तेवढी मंदावणार होती. दुसऱ्या कुणाची फुप्फुसं मिळेपर्यंत तग धरायचा, एवढंच त्याच्या हातात होतं. तपासणी झाली की तो दुकानात डोकवायचा. तिच्या तोंडाचा पट्टा एरवी कुणाला ऐकायचा नाही, पण तो श्वासासाठी थांबला की तीही थांबायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दुपारी ती आपला डबा त्याच्यापुढे सरकवायची, आणि तो दोन घासांतच हात धुवायचा. गोळ्यांनी त्याची अन्नावरची वासनाच उडाली होती.

मग एका दुपारी त्याने डबा चाटूनपुसून संपवला. "बागेत... येतेस?"

ती हरखून निघाली. बागेतल्या बाकावर तो ऊन अंगावर घेत बसला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मास्तर, छत्री कुठेय? गोळ्या घेतोयस ना?"

तो बुटांकडे बघत राहिला. "बंद केल्यात. डॉक्टरांना... बोललो नाही."

"अरे, पण का?"

"तुझ्यासमोर सारखं... पानावरून उठायचं... नको झालं होतं. वाटलं, आहेत तेवढे दिवस... तुझ्याबरोबर नीट घालवू."

ऐकून तिचं पाणी पाणी झालं. आणि मग तिचा असा काही भडका उडाला, की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून गेले.

"आहेत तेवढे? मला तेवढेच नकोत! मला म्हातारा झालेला मास्तर हवाय, जाड भिंगांचा, किरकिर करणारा. माझं माणूस माझ्याचसाठी संपवायला निघालास होय रे?"

माझं माणूस... शब्द तोंडातून गेला होता. तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने डोळे पुसले आणि त्याला तसाच हॉस्पिटलात नेला.

नळीत फुंकायच्या तपासणीत श्वासाचा आकडा घसरलाच होता. डॉक्टर भडकले. "त्रास होतो तर मला सांगायचं. परस्पर कारभार करायचा नाही!" त्यांनी गोळ्या कमी प्रमाणात पुन्हा सुरू करून हळूहळू वाढवायला सांगितल्या, पोटभर जेवणाबरोबर, आणि मळमळीवर वेगळं औषध दिलं. तिने डब्यात त्याच्यासाठी आणखी एक खण वाढवला, आणि तोही कुरकुरत का होईना, खाऊ लागला. आकडा वाढला नाही, पण जिथे होता तिथे टिकला. तेवढ्यावरही ती खूश होती.

अखेर प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचा दिवस आला. हॉस्पिटलात यादीचं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "ऑपरेशननंतर कितीतरी महिने चोवीस तास सोबत लागेल. त्याशिवाय नाव जात नाही. कोण राहणार?"

"आईचे गुडघे..." तो अडखळला.

"मी राहणार," ती म्हणाली.

"तुम्ही यांच्या कोण?"

तो तिच्याकडे वळला. "खरं तर... मीच विचारणार होतो. पण मध्येच... दम लागेल."

"लागू दे. सावकाश विचार. मी थांबते."

त्याने श्वास घेतला. "माझ्याशी... लग्न..."

थांबते म्हणाली खरी, पण तिला कुठला धीर! पुढचा श्वास त्याने घ्यायच्या आत ती 'हो' म्हणून मोकळी झाली.