हडपसरला धरलेली जागा

"हॉटेलचं नाव जरी काढलंस ना, तरी माझी आई लग्न पुढं ढकलेल!" स्नेहल फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडली, की दुकानातल्या खताच्या गोण्यांनीसुद्धा कान टवकारले असते.

ज्ञानेश्वरीनं मोबाईल मान वाकडी करून खांद्यात धरला होता आणि दोन्ही हातांनी ती औषधाच्या बाटल्या फळीवर लावत होती. शेवगावात, पैठण रोडला लागून असलेलं हे कृषी सेवा केंद्र तिच्या वडिलांचं, आप्पासाहेबांचं. पण शिक्षण संपल्यापासून गल्ल्यावर बहुतेक तीच असायची. दिवाळी नुकतीच सरली होती. कापसाचे टेम्पो रस्त्यानं भरभरून जात होते आणि उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकून राहत होता.

"मग तूच सांग," ती म्हणाली. "तुला लग्नाआधी मैत्रिणींची बॅचलरेट पार्टी पाहिजे, ती पुण्यातच पाहिजे. फुगे पाहिजेत, छातीवर नवरीचा पट्टा पाहिजे, नाचायला गच्ची पाहिजे. आणि उतरायचं कुठं, तर ओळखीच्या घरी! पुण्यात कोण आहे आपल्या ओळखीचं?"

"मी आहे की," मागून कुणीतरी म्हणालं.

ज्ञानेश्वरी वळली. काउंटरच्या पलीकडं अजिनाथ उभा होता. तोच तो. तसाच उंच, तसाच उन्हानं रापलेला, फक्त शर्ट आता इस्त्रीचा. हातातली बाटली तिनं घाईघाईनं फळीवर ठेवली, ती नेमकी आडवी पडली.

"स्नेहल, मी तुला... नंतर करते," एवढंच तिला म्हणता आलं.

आता हा अजिनाथ कोण, ते सांगायला हवं. पाथर्डीच्या कॉलेजला ती सगळी पोरं शेवगावहून एसटीनं जायची. सकाळची गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्याभोवती झुंबड उडायची. अजिनाथ गाडीबरोबर धावत जायचा आणि खिडकीतून आपला निळ्या चौकड्यांचा रुमाल सीटवर टाकायचा. जागा धरायचा. मग ज्ञानेश्वरी गर्दीतून घामेघूम होऊन आत शिरली, की तो रुमाल उचलून म्हणायचा, "बस. मला काय, दारात वारं लागतं." आणि पाथर्डी येईपर्यंत दारातल्या दांड्याला धरून उभा राहायचा. सगळं कॉलेज असं गेलं. तो उभा, ती बसलेली. ती खिडकीतून बाहेर बघायची, म्हणजे तसं दाखवायची. पुढं तो नोकरीला पुण्याला गेला आणि ज्ञानेश्वरी एसटीत चढली की आधी दाराकडं बघायची. ती सवय तिला अजून मोडता आली नव्हती.

"काय देऊ?" तिनं विचारलं. आवाज जमेल तितका दुकानदाराचा ठेवला.

"हरभरा. एक पिशवी."

"कुठला?"

"कुठला पण."

"कुठला पण कसा? जमीन कोरडवाहू आहे का पाण्याखालची?"

"तू... तू देशील तो," तो म्हणाला आणि उगाच तणनाशकाच्या जाहिरातीकडं बघायला लागला.

शेतकऱ्याचं पोर आणि बियाणं असं मागतं! ज्ञानेश्वरीला हसू आवरेना. तोही हसला. मग त्यानं सांगितलं, की तो दिवाळीच्या सुट्टीला गावी आलाय आणि पुण्यात हडपसरला त्याच्या आत्याचं, गोजरबाईचं घर आहे. तो तिच्याकडंच राहतो. मोठी गच्ची आहे. पोरींनी खुशाल उतरावं, तो तेवढी रात्र मित्राकडं झोपायला जाईल.

"पण घरी काय म्हणून सांगायचं?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "बॅचलरेट म्हटलं तर स्नेहलची आई विचारते, बिनलग्नाच्या पोरांत तुमचं काय काम?"

"केळवण म्हण की. लग्न ठरलेल्या मुलीला मैत्रिणी जेवायला घालणार. खोटं काय आहे त्यात?"

झालं, ठरलं. तो हरभरा घेऊन गेला आणि जाताना तिचा नंबरही. दुसऱ्या दिवशी बियाणं कमी पडलं म्हणून पुन्हा आला होता म्हणे, पण तेव्हा गल्ल्यावर आप्पा होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक पांगलं, की त्याचा फोन यायचा. विषय एकच, स्नेहलचं केळवण. पण एका केळवणाबद्दल किती बोलता येतं, याला काही धरबंध राहिला नाही.

"नवरीला रंग कुठला आवडतो? फुगे आणायचेत."

"जांभळा," ज्ञानेश्वरी पटकन म्हणाली.

"आणि जेवायला? आत्या विचारतेय."

"शेपूची भाजी. मुगाची डाळ घालून. आणि बाजरीची भाकरी, कडक, पापुद्रा सुटलेली."

"बॅचलरेटला शेपू?"

"तिला आवडतो, त्याला मी काय करू?"

"बरं बाई. चहा का कॉफी?"

"चहा. बशीत ओतून."

मग तो हळूच म्हणाला, "ही नवरी मला... फार ओळखीची वाटायला लागलीय."

ज्ञानेश्वरीनं फोन कानापासून जरा लांब धरला. कानाची पाळी गरम झाली होती. स्नेहलची आवड विचारली, की तिच्या तोंडून स्वतःचीच आवड निघत होती, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत तिला काय आवडतं असं कुणी विचारलंच नव्हतं. आणि हा विचारत होता, रोज, एकेक करून. भले दुसरीच्या नावानं का होईना.

तिला तो हवा होता. कॉलेजपासून हवा होता. आता पुण्याला गेलं, की रविवारी परतीच्या गाडीत चढण्याआधी त्याला समोरासमोर सांगून टाकायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. त्यासाठी जांभळा ड्रेससुद्धा शिवून घेतला.

आणि निघायच्या आदल्या दिवशी आप्पा जेवताना म्हणाले, "ज्ञानू, उद्याचं पुन्याचं राहू दे. नेवाशाचं पाहुनं येत्यात तुला बघायला. पोराला उद्याचीच सुट्टी हाय."

"पण आप्पा, स्नेहलचं केळवण..."

"तिचं लगीन ठरलंय. तुजं ठरायचंय. मी हो म्हनून बसलोय त्यांना."

आईनं तिच्या ताटात भाकरी वाढली. ज्ञानेश्वरीनं ती नुसतीच कुस्करून ठेवली. मला पुण्याला का जायचंय, हे वडिलांना सांगायचं म्हणजे आधी त्याला सांगायला हवं होतं. आणि त्याला सांगायचं, तर पुण्याला जायला हवं होतं. सांगणार काय आणि कुणाला?

शनिवारी सकाळी स्नेहल आणि बाकीच्या मैत्रिणी जीपनं गेल्या. ज्ञानेश्वरीनं फाट्यापर्यंत जाऊन त्यांना निरोप दिला. "त्याला काय सांगू?" स्नेहलनं खिडकीतून विचारलं. "सांग, पाहुणे आलेत," ती म्हणाली आणि धुरळा डोळ्यांत गेल्यासारखं करून मागं फिरली.

दुपारी पाहुणे आले. मुलाचं नाव समर्थ. बोलायला मोकळा, वागायला नम्र, आईला आधी खुर्ची देऊन मग स्वतः बसणारा. त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं आणि तिची सगळी अडचण तिथंच होती. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं! त्यांना मुलगी पसंत पडली. "तुमचा निरोप उद्या सकाळी कळवा," म्हणून ती माणसं आनंदानं गेली. आई लगेच बहिणीला फोन लावायला बसली. ज्ञानेश्वरी साडी न बदलताच दुकानात येऊन गल्ल्यावर बसली. ऊन उतरलं होतं, वाऱ्यात गारवा आला होता. आत्ता ती तिथं असती. आत्ता तो समोर असता. तिनं उगाच बिलाचं यंत्र पुसायला घेतलं.

तेवढ्यात स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर छातीवर पट्टा लावलेली नवरी, मागं गच्ची, आणि जिकडं तिकडं जांभळे फुगे.

"ज्ञानू, मेले! ताटात शेपू आहे!"

"अगं..."

"काय अगं? मी जन्मात शेपूला हात लावलाय का? मला गुलाबी आवडतो, इथं सगळं जांभळं! आल्या आल्या चहा दिला, तो बशीत! मी म्हटलं कॉफी मिळेल का, तर आत्याबाई म्हणतात, नवरी तर बशीतनं चहा पिती असं आमच्या पोरानं सांगितलंय." मागं मैत्रिणी हसून हसून लोळत होत्या. स्नेहलचा आवाज मात्र एकदम खाली आला. "ज्ञानू... हे केळवण कुणाचं आहे गं?"

ज्ञानेश्वरीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"थांब, तुला एक गंमत दाखवते," म्हणत स्नेहलनं मोबाईल फिरवला. गच्चीवर सतरंजी अंथरली होती, पंगत मांडली होती. सगळ्या ताटांवर पोरी बसल्या होत्या. एकच ताट मोकळं होतं. त्यात भाकरी, शेपू, लिंबाची फोड, सगळं वाढलेलं. आणि त्यापुढच्या पाटावर निळ्या चौकड्यांचा रुमाल.

"तितं कुनी बसू नगा म्हनतंय," गोजरबाईंचा आवाज आला. "जागा धरलीय म्हनं! आता हे घर हाय का एष्टी हाय, मला तर काय कळंना बाई."

पुन्हा हशा उसळला. मग मोबाईल कुणाच्या तरी हातात गेला, गच्चीचा कोपरा आला, आणि पडद्यावर अजिनाथ दिसला. तो हसत नव्हता.

"आले होते पाहुणे?"

"हो."

"कसा आहे?"

"चांगला आहे," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"हं." त्यानं मान खाली घातली. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसा तो म्हणाला, "मग... रुमाल काढू का, ज्ञानेश्वरी?"

इतकी वर्षं तो काहीच बोलला नव्हता आणि बोलला तो हे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पडद्यावरचा तो विरघळून गेला.

"थांब," ती कशीबशी म्हणाली. "जरा थांब. लगेच करते." तिनं फोन बंद केला आणि उठली.

आप्पा बाहेर ओट्यावर रिकामी खोकी चेपत होते.

"आप्पा, नेवाशाच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा."

त्यांचे हात थांबले. "पोरात काय खोट हाय?"

"काही नाही."

"मानसं वंगाळ हायेत?"

"नाही."

"मंग?"

ज्ञानेश्वरी शटरच्या कडेला धरून उभी राहिली. आप्पांनी खोकं बाजूला ठेवलं, टोपी काढून झटकली, पुन्हा घातली.

"सोपानचा अज्या का?"

तिनं चमकून वर बघितलं.

"अगं, बी इकता इकता केस पिकले माजे. सोपानच्या रानात औंदा कापूस उभाय, समदी वेचनी बाकी हाय. त्याचं पोरगं हरभरा काय छपरावर पेरनार? बरं, एकदा नेला ते नेला. दुसऱ्यांदा आलं तवा गल्ल्यावर मी दिसलो, तर तोंड असं उतरलं त्याचं... न्यायचं म्हनून पिशवी नेली बिचाऱ्यानं."

म्हणजे तो हरभऱ्याला आलाच नव्हता. ज्ञानेश्वरीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुम्हाला माहीत होतं, तर पाहुण्यांना हो कसं म्हणालात?"

"मला त्याचं म्हाईत हुतं. तुजं कुटं म्हाईत हुतं?" आप्पा म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते लपत नव्हतं. "चांगल्या मानसास्नी न्हाई म्हनायचं जिवावर येतं बघ."

"मी सांगते त्यांना."

"तू नको. ते बापाचं काम हाय." ते पुन्हा खोक्यांकडं वळले. "त्याला येवडं सांग, बापाला घिऊन ये. आन् येताना हरभरा आन म्हनावं माघारी. पेरनीचं दिस हायेत, चांगलं बी वाया जाईल."

ज्ञानेश्वरी आत आली. तिनं अजिनाथचा नंबर लावला. पलीकडं पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. मागं फुगे फुटत होते आणि पोरी ओरडत होत्या.

"अजिनाथ..."

"बोल."

"रुमाल काढू नकोस."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "कधीपर्यंत ठेवू?"

"मी येईपर्यंत." तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि ऐक. या वेळी दारात उभं राहायचं नाही."

"मग?"

"शेजारची पण जागा धर."