वाऱ्याच्या आड

पन्हाळ्याच्या रस्त्यावर, केर्लीच्या पुढे माझ्या सायकलची चेन पडली तेव्हा नुकतं फटफटत होतं. डिसेंबरची थंडी... बोटं इतकी गारठलेली की चेन धरवेना. तेवढ्यात धुक्यातून जाड टायरची एक सायकल आली.

"पावणं, जरा सायकल धरा की," मी म्हटलं.

त्यानं आधी स्वतःचे हातमोजे काढून मला दिले. मग चेन चढवली आणि काळे झालेले हात उसाच्या पाल्याला पुसले. नाव प्रसेनजीत. कागलच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, त्यामुळे सकाळी डोंगरात सायकल मारायची हौस. मीही सगळं सांगून टाकलं. मी दीप्ती, राज्याच्या सायकलिंग संघासाठी निवड जानेवारीत, आणि यंदा झाली नाही तर घरचे सायकल विकून स्थळं बघणार. अनोळखी माणसाला इतकं कशाला सांगितलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज केर्लीला थांबायचा.

"वारं लई बोचतंय. तू माझ्या मागं ऱ्हा," म्हणायचा आणि पुढे निघायचा. त्याच्या रुंद पाठीआड वारा लागायचाच नाही. गुऱ्हाळांचा गोड वास, समोर थंडीनं लाल झालेले त्याचे कान... चढ कधी संपला कळायचं नाही. चढाचा माझा वेळही झकास येऊ लागला.

आमच्या प्रशिक्षक शालनताईंना मात्र तो वेळ खरा वाटेना. त्यांनी मला कागलच्या मोकळ्या रस्त्यावर एकटीला सोडलं. अर्ध्या वाटेतच माझा दम उखडला. सोबत कोण असतं, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. आधी हसल्या, मग झाडलं. निवडीत एकेकटीला सोडतात, पुढे कुणी नसतं, आणि महिनाभर मी वाऱ्याशी झगडलेच नव्हते.

प्रसेनजीतला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"तुला थंडी लागू नये म्हणून मी..."

"ठावं हाय मला."

"मग मागनं येऊ?"

"मागनं आलास तर माझं सगळं ध्यान मागंच ऱ्हातंय की—"

बोलून गेले आणि त्या थंडीत माझेच कान तापले. तो उगाच ब्रेक दाबून बघत हसत राहिला. मग म्हणाला, "निवड हुईस्तोवर येत न्हाय." मोह नको म्हणून त्यानं पहिली पाळी मागून घेतली.

त्यानंतर वारा आणि मी, दोघंच. छाती जळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यातलं सगळंच वाऱ्याचं नव्हतं. त्याची फार आठवण यायची.

निवड कागलच्याच रस्त्यावर झाली. पुढे कुणाची पाठ नव्हती आणि मी थांबले नाही. यादीत शेवटचं नाव माझं आलं. घरी न जाता तशीच एमआयडीसीकडे गेले आणि पाळी सुटेपर्यंत त्याच्या कारखान्याच्या गेटसमोर बसून राहिले.

तो बाहेर आला, मला बघून जागीच थांबला.

"झाली?"

"झाली."

उद्यापासून परत दुसरी पाळी मागतो, एवढंच म्हणाला.

"पाळीचं ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "सायकल वाचली, पण घरचे स्थळं बघायचं सोडायचे न्हाईत. तुझ्या आईला घिऊन आमच्याकडं कधी येतोस, त्ये सांग."

त्यानं घामेजलेला चेहरा बाहीनं पुसला.

"आज आलं तर चालंल?"